‘शिवाय’ कुठे लिहायचं, हे मुलांना कसं कळावं?

प्रश्न: मी करवीर तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत चौथीला शिकवते. मुलांना एखाद्या विषयावर आपलं मत लिहायला सांगितलं की चार सुटी वाक्यं येतात. ‘मला रंकाळा आवडतो. तो मोठा आहे. तिथे भेळ मिळते. तिथे गर्दी असते.’ म्हणून मी जोडणाऱ्या २४ शब्दांचा तक्ता करून भिंतीवर लावला. आता प्रत्येक वाक्य ‘शिवाय’, ‘तसेच’ नाहीतर ‘परंतु’ने सुरू होतं आणि अर्थ लागत नाही. काही मुलं घरी बोलतात तसंच ‘का तर’ लिहितात, तेही खोडावं का? आणि असे शब्द वापरल्याबद्दल वेगळे गुण द्यावेत का?

उत्तर:

नमस्कार बाई,

तक्ता सध्या भिंतीवरून काढून कपाटात ठेवा. फाडू नका, महिन्याभराने तो लागणार आहे, पण तेव्हा तो मुलांनी भरलेला असेल. चोवीस शब्द एकदम समोर आले की नऊ वर्षांच्या मुलाला त्यातून एकच सूचना मिळते: हे वापरायचे आहेत. कोणता शब्द कोणतं काम करतो, ते तक्ता सांगत नाही. ‘शिवाय’, ‘तसेच’, ‘परंतु’ एकाखाली एक लिहिलेले दिसले की मुलाला ते सगळे सारखेच वाटतात आणि नजरेला पडेल तो शब्द तो उचलतो. तुमच्या मुलांनी सांगितलेलं काम मनापासून केलंय, फक्त ते चुकीच्या टोकाकडून सुरू झालं.

जोडणारा शब्द दोन विचारांमधलं नातं सांगतो. ते नातं मुलाला आधी जाणवलं पाहिजे, मग शब्द. म्हणून आधी प्रश्न विचारायचा, त्याचं तोंडी उत्तर घ्यायचं, त्या उत्तरात शब्द बसवायचा आणि वही सगळ्यात शेवटी उघडायची. हा क्रम सोडला की शब्द वाक्याच्या तोंडाशी नुसता चिकटवला जातो.

पण त्याआधी विषय तपासा. रंकाळ्यावरच्या त्या चार वाक्यांतलं पहिलं आवडीचं आहे, बाकीची तीन माहितीची. ‘रंकाळा मोठा आहे’ याला वर्गात कुणीच नाही म्हणणार नाही. ज्याला कुणी नाही म्हणत नाही त्याला कारण द्यावं लागत नाही, उदाहरण लागत नाही, ‘पण’ तर नाहीच नाही. वाक्यं सुटी पडतात ती पुष्कळदा यामुळेच, कारण जोडण्यासारखं काही हातात नसतं. ‘माझी शाळा’, ‘माझा आवडता सण’ हे वर्णनाचे विषय आहेत, तिथे मताचा सराव होत नाही.

चांगल्या विषयाची कसोटी सोपी आहे. विषय फळ्यावर लिहा आणि हात वर करायला सांगा. वर्ग दोन्हीकडे बऱ्यापैकी विभागला गेला तर विषय ठेवा, जवळजवळ सगळे एकाच बाजूला गेले तर बदला. आपल्याकडच्या मुलांना पुढचे विषय चालतील: रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाचा रस्ता गाड्यांना बंद ठेवावा. कुस्ती मातीतच खेळावी, मॅटवर नको. शाळेच्या फुटबॉल संघात मुलं-मुली एकत्र असाव्यात. डब्यात आठवड्यातून एकदा बाहेरचा खाऊ चालावा. या चारही गोष्टी मुलांनी डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे कारणं शोधायला त्यांना पुस्तक उघडावं लागत नाही.

आता मुख्य काम. मुलांच्या जोड्या करा. एकाने मत सांगायचं, दुसऱ्याने फक्त प्रश्न विचारायचे, तेही पाचच. का? आणखी काय? जसं काय? समोरचा काय म्हणेल? मग काय करायचं? या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ज्या शब्दाने सुरू होतं, तेवढे पाच शब्द चौथीला एका सत्रात पुरेत. ‘का?’ला ‘कारण’, ‘आणखी काय?’ला ‘शिवाय’, ‘जसं काय?’ला ‘उदाहरणार्थ’. समोरचा काय म्हणेल ते सांगून झालं की आपलं उत्तर ‘पण’ने सुरू होतं. आणि ‘मग काय करायचं?’ला ‘म्हणून’. प्रश्न विचारणारा मुलगा इथे महत्त्वाचा आहे. लिहिताना तो शेजारी नसतो, म्हणून लिखाण तुटक होतं. पुरेसा सराव झाला की तेच प्रश्न मूल स्वतःला विचारायला लागतं.

पाचही एकदम सुरू करू नका. आठवड्यातून तीन वेळा, पंधरा-वीस मिनिटं, असं धरलं तर पहिले दोन आठवडे फक्त ‘कारण’. एवढा वेळ कशाला, असं वाटेल. ‘कारण’ हा शब्द एका तासात येतो, खरं कारण देणं मात्र येत नाही. ‘मला फुटबॉल आवडतो, कारण तो छान खेळ आहे’ या वाक्यात शब्द जागेवर आहे, पण मागचं आणि पुढचं एकच आहे. अशा वाक्यावर फुली मारू नका, ‘छान म्हणजे कसा?’ एवढंच विचारा, आणि जे पाहता येईल, ऐकता येईल किंवा मोजता येईल असं काही येईपर्यंत विचारत राहा. ‘कारण त्यात कुणाला नुसतं उभं राहता येत नाही, सगळ्यांना पळावं लागतं.’ इथे थांबा. वर्गाला ही दोन वाक्यं शेजारी-शेजारी दाखवली की फरक त्यांना तुम्हाला समजावून सांगावा लागत नाही.

तिसऱ्या आठवड्यात ‘पण’ आणि ‘म्हणून’ एकत्र घ्या, कारण ते ‘कारण’च्या जोडीने शिकताना चांगले कळतात. फळ्यावर एक अर्धं वाक्य लिहा आणि ते तीन वेळा, तीन शब्दांनी पुरं करायला सांगा.

पंचगंगेला पूर आला, कारण आठ दिवस पाऊस थांबलाच नाही.
पंचगंगेला पूर आला, पण आमच्या गल्लीत पाणी आले नाही.
पंचगंगेला पूर आला, म्हणून शाळेला सुट्टी दिली.

सुरुवात तीच, तरी वाक्य तीन दिशांना गेलं. ‘कारण’ आलं की मागे पाहायचं, आधी काय झालं ते सांगायचं. ‘म्हणून’ आलं की पुढे जायचं. ‘पण’ आलं की ऐकणाऱ्याला जे अपेक्षित आहे त्याच्या उलट काहीतरी सांगायचं. हा एक सराव रोज एका नव्या वाक्यावर पाच मिनिटं घेतला तरी पुरतो, आणि परिसर अभ्यासाच्या तासालाही घेता येतो. मुलाला धडा कळलाय की नाही, हेही त्यातून लगेच दिसतं, कारण माहिती नसेल तर तिन्ही वाक्यं पुरी होत नाहीत.

दुसरा सराव पट्ट्यांचा. जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर साधारण ३० सेंटीमीटर लांब आणि ५ सेंटीमीटर रुंद पट्ट्या कापा. एका पट्टीवर एक वाक्य. शब्दांची कार्डं वेगळ्या रंगाच्या कागदाची करा. चार मुलांच्या गटाला वाक्यांच्या सहा जोड्या पुरतात. ‘पाऊस पडत होता’ आणि ‘आम्ही खेळायला गेलो’ यांच्या मध्ये आधी ‘पण’ ठेवून वाचायचं, मग ‘म्हणून’ ठेवून. दुसऱ्या वाचनाला मुलं हसतात, मग एखादं म्हणतं, ‘त्यांना पावसातच खेळायचं असेल की!’ ही चर्चा होऊ द्या. दोन्ही शब्द चालतील अशी निदान एक जोडी मुद्दाम ठेवा, म्हणजे शब्द बदलला की सांगायची गोष्टच बदलते, हे त्यांच्या लक्षात येईल.

याच पट्ट्यांवर वहीत सगळ्यात जास्त दिसणारी चूक सुधारता येते. ‘मी छत्री घेतली, कारण पाऊस होता’ हे ‘म्हणून’ वापरून लिही म्हटलं की मुलं शब्द बदलतात आणि वाक्यं तिथेच ठेवतात: ‘मी छत्री घेतली, म्हणून पाऊस होता.’ कार्ड बदललं की दोन्ही पट्ट्यांची अदलाबदल करायची, हे हाताने दहा-बारा वेळा केलं की वहीतही जमतं. दुसरी चूक दुहेरी बांधणीची. ‘कारण पाऊस होता म्हणून मी छत्री घेतली.’ बोलताना आपण मोठी माणसंही असं बोलतो, त्यामुळे मुलाला त्यात काही खटकत नाही. त्यालाच विचारा, दोनपैकी एक खोडायचा तर कोणता खोडशील? ‘जरी पाऊस होता, पण आम्ही गेलो’ ही याचीच तिसरी तऱ्हा. ‘जरी’ आलं की पुढे ‘तरी’ यावं लागतं, आणि ती जोडी सांभाळणं चौथीला जड जातं. ती पाचवी-सहावीसाठी ठेवा. मुलाने स्वतःहून वापरली तर तेवढी दुरुस्त करा.

‘शिवाय’ चौथ्या आठवड्यात. नियम एकच: त्याच्या आधी एक कारण होऊन गेलेलं असलं पाहिजे आणि नंतर वेगळं कारण आलं पाहिजे. ‘तिथे गर्दी असते. शिवाय खूप लोक येतात’ यात दुसरं काहीच नाही. दोन्ही कारणं बोटांवर मोजायला लावा. दुसरं बोट उघडता येत नसेल तर ‘शिवाय’ नको.

‘उदाहरणार्थ’ सगळ्यात अवघड, कारण त्याला माहिती लागते. त्याच्या पुढे एक माणूस, एक ठिकाण, एक घटना किंवा एक दिवस आलाच पाहिजे, असं सांगा. ‘सगळ्या मुलांना मोफत शाळा देता येते. उदाहरणार्थ, शिक्षण महत्त्वाचे आहे’ यात उदाहरणाच्या जागी दुसरं मत बसलंय. तिथे ‘उदाहरणार्थ, राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले’ हे बसतं, कारण त्यात कुणी, कुठे, कधी हे तिन्ही आहे.

एवढं झालं की पूर्ण परिच्छेद. तुमच्या वर्गाला दाखवता येईल असा एक नमुना देतो:

‘रविवारी संध्याकाळी रंकाळ्याच्या काठाचा रस्ता गाड्यांना बंद ठेवावा असे मला वाटते, कारण तेव्हा तिथे लहान मुले आणि आजी-आजोबा खूप असतात. गाड्यांच्या मधून त्यांना रस्ता ओलांडावा लागतो. शिवाय भेळेच्या गाड्यांपाशी लोक उभे असल्यामुळे चालायला जागाच उरत नाही. काही जण म्हणतील, की गाड्या लांब लावल्या तर म्हाताऱ्या माणसांना चालावे लागेल. हे बरोबर आहे, पण त्यांच्यासाठी रिक्षा आत सोडता येईल. म्हणून पाच ते सात असे दोनच तास रस्ता बंद ठेवून पाहावा.’

हा नमुना वाचायला देण्याआधी ‘कारण’, ‘शिवाय’, ‘पण’, ‘म्हणून’ या शब्दांवर कागदाचे तुकडे चिकटवा आणि तिथे काय असेल ते मुलांना ओळखू द्या. मग दुसऱ्या वाक्याकडे त्यांचं लक्ष वेधा. ‘गाड्यांच्या मधून त्यांना रस्ता ओलांडावा लागतो.’ त्याच्या सुरुवातीला एकही जोडणारा शब्द नाही, तरी ते सुटं पडत नाही, कारण ‘त्यांना’ म्हणजे आधीच्या वाक्यातली मुलं आणि आजी-आजोबा. प्रत्येक वाक्याला शब्द लावायची गरज नसते, हे तुमच्या वर्गाला आत्ता सगळ्यात जास्त ऐकायची गरज आहे.

याच नमुन्यात ‘उभे असल्यामुळे’ हेही दाखवा. मराठीत नातं पुष्कळदा क्रियापदातच शिरतं. ‘पाऊस पडल्यामुळे’, ‘खेळायला जाण्यासाठी’, ‘घरी येऊन’, ‘गर्दी असली तरी’. ज्या मुलाने ‘गर्दी असल्यामुळे सायकल चालवता येत नाही’ लिहिलं, त्याने दोन विचार उत्तम जोडलेत. तक्त्यातला शब्द दिसत नाही म्हणून त्याचं वाक्य कमी प्रतीचं मानू नका. बोलण्यात ही रूपं मुलांना आधीच येतात, लिहिताना ती वापरायला मोकळीक द्या.

‘का तर’बद्दल. ‘मला रंकाळा आवडतोय, का तर तिथं वारं लई असतंय.’ या वाक्यात नातं अगदी चोख आहे. ‘पूर आलाय म्हटल्यावर शाळा बंदच की’ यातही ‘म्हटल्यावर’ने कारण आणि परिणाम बरोबर बांधलेत. अशा मुलाला वाक्य जोडता येत नाही असं नाही, फक्त लिखाणातला शब्द त्याला अजून मिळालेला नाही. लाल शाईने खोडलं तर तो शब्दाबरोबर विचारही सोडून देतो आणि पुन्हा सुट्या वाक्यांवर येतो. फळ्यावर दोन रकाने करा, ‘बोलताना’ आणि ‘लिहिताना’. ‘का तर’समोर ‘कारण’, ‘म्हटल्यावर’समोर ‘म्हणून’ किंवा ‘-मुळे’. मुलं घरून आणखी शब्द आणतील, तेही लिहा. तोंडी सरावात त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या, वहीत उतरवताना उजवा रकाना पाहायचा.

नावाची एक छोटी खबरदारी. या शब्दांना वर्गात ‘जोडशब्द’ म्हणू नका. भाजीपाला, दगडधोंडे यांना मुलं जोडशब्द म्हणून शिकलेली असतात आणि घोळ होतो. ‘जोडणारे शब्द’ पुरे. उभयान्वयी अव्यय हे नाव आणि त्याचे प्रकार पुढच्या वर्गांत येतीलच, ते पाठ असण्याचा या कामाला उपयोग नाही. विरामचिन्हांचाही फार बाऊ करू नका. व्याकरणात ‘पण’सारख्या शब्दाने दोन वाक्यं जोडताना त्याआधी अर्धविराम सांगतात, छापील मजकुरात आज बहुतेक स्वल्पविराम दिसतो. दोन्ही चालू द्या. फक्त ‘कारण’च्या आधी पूर्णविराम देऊन पुढचा तुकडा एकटा सोडलेला असेल, तर तो मागच्या वाक्याला जोडून घ्या.

महिना-सव्वा महिन्याने तक्ता बाहेर काढा आणि त्याची मागची बाजू वापरा. वर पाच प्रश्न, खाली पाच रकाने. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातला वाचकांच्या पत्रांचा कोपरा कापून आणायला सांगा, त्यातले जोडणारे शब्द मुलांनी शोधायचे आणि ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतात ते ठरवून त्या रकान्यात लिहायचे. ‘शिवाय’खाली ‘तसेच’, ‘दुसरे म्हणजे’ येतील. ‘म्हणून’खाली ‘त्यामुळे’ येईल. तिथे एवढं सांगा की कुणी विचार करून काही केलं तर साधारणपणे ‘म्हणून’ शोभतं, आपोआप काही घडलं तर ‘त्यामुळे’: पाणी साचले, त्यामुळे बस थांबली; पाणी साचले, म्हणून आम्ही चालत गेलो. ‘पण’खाली ‘मात्र’ येईल. तो वाक्याच्या पोटातही बसतो, ‘मैदान मोठे आहे, सावली मात्र नाही’, हे दाखवा. ‘परंतु’ आला तर लिहू द्या, पण तो ‘पण’पेक्षा वरचा शब्द आहे असं सांगू नका, काम तेच आहे. एका रकान्यात तीनच शब्द ठेवा. ‘तथापि’, ‘परिणामी’ चौथीत नकोत.

तपासताना एका वहीत एकच गोष्ट धरा. जोडणारा शब्द चुकलाय असं वाटलं तर मुलाला त्यावर बोट ठेवून, तो झाकून, दोन्ही वाक्यं मोठ्याने वाचायला सांगा. शब्द नसताना काहीच बिघडलं नाही तर तो काढायचा. अर्थ अडला तर ठेवायचा. उलटच अर्थ निघत असेल तर रकान्यांकडे जाऊन दुसरा शोधायचा. तुमच्या सध्याच्या वह्यांतले निम्मे-अधिक ‘शिवाय’ या एका चाचणीत मुलं स्वतःच खोडतील.

आणि गुण. शब्दांच्या संख्येला गुण अजिबात देऊ नका, आणि ‘निदान पाच जोडणारे शब्द वापरा’ अशी सूचना तर कधीच नको. आत्ता झालंय तेच त्याने पुन्हा होईल. दहापैकी द्यायचे असतील तर मत स्पष्ट असण्याला २, कारणं खरी आणि वेगवेगळी असण्याला ४, समोरच्याचं म्हणणं विचारात घेण्याला २, आणि जे जोडणारे शब्द वापरलेत ते बरोबर काम करतात का याला २ ठेवा. तीनच शब्द वापरले आणि तिन्ही बरोबर असतील तर ते दोन्ही गुण पूर्ण द्या. ‘असल्यामुळे’ने जोडलेलं वाक्यही त्यात मोजा.

येत्या सोमवारी फक्त ‘कारण’ आणि जोड्यांमधला ‘का?’ हा प्रश्न. हुशार मुलं लगेच बाकीचे शब्द वापरू लागतील, त्यांना अडवू नका, पण वर्गाला पुढचा शब्द दोन आठवड्यांनीच द्या.